रांजणाखालची शिळा

सोलजे गावात बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही. लग्न होऊन आली की माहेरच्या गावाचं नाव तिला चिकटतं आणि सरणापर्यंत निघत नाही. म्हणून पिल-सुन ही दालपोवाली. दालपो म्हणजे खाली खाडीवरचं मासळीचं बंदर. तिथली माणसं ओरडूनच बोलतात, कारण लाटा आणि लिलाववाले या दोघांच्या वर आवाज काढावा लागतो. तो आवाज दालपोवाली रुखवतात घेऊन आली. बाकी रुखवत फारसं नव्हतं.

सोलजेत आल्यावर तिला पहिल्यांदा दिसले ते दगड. डोंगराच्या पायथ्याशी, पाइनच्या झाडांत, भाताच्या बांधावर, गोठ्यामागं, जिकडेतिकडे हत्तीएवढाल्या शिळा, खाली आखूड दगडांचे टेकू देऊन बसवलेल्या. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मेलेल्या माणसांवर त्या ठेवल्या. आमच्या वाडवडलांनी मात्र त्या शिळांवर ठेवता येईल ते सगळं ठेवलं: मिरच्या, तीळ, ओले मोजे, रुसलेल्या सासवा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुराणवस्तू हा शब्द गावात आला तो दालपोवालीच्या तोंडून, आणि तोही भांडणात.

त्याचं असं झालं. डोंगरापलीकडच्या खाणवाल्याचा डोळा या शिळांवर गेला. फोडल्या की खडी, खडी टाकली की रस्ता. पोकलेन आलं त्या सकाळी दालपोवाली शेतावर जेवणाचा डबा घेऊन निघाली होती. ती वाटेतल्या सगळ्यात मोठ्या शिळेवर चढली आणि तिथंच डबा उघडून जेवायला बसली. ड्रायव्हर म्हणाला, "काकू, उतरा." ती म्हणाली, "जेवतेय." संध्याकाळी म्हणाला, "काकू, अजून?" ती म्हणाली, "सावकाश जेवते मी."

शाळा तिच्या नशिबी दुसरी-तिसरीपर्यंतच. पुढची अक्षरं तिनं मासळी बांधून यायची त्या वर्तमानपत्रांवरून गिरवली. म्हणून तिचं सगळं ज्ञान अर्धवट फाटलेलं आणि थोडं वासाचं होतं, असं ती स्वतःच सांगायची. पण कायद्याची कलमं तिनं तशीच शिकून घेतली, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, साहेबांना त्यांच्याच टेबलावर हात आपटून गप्प केलं. शेवटी खाणवाला गेला. शिळा राहिल्या. गावानं शिळा-रक्षण समिती काढली आणि दालपोवालीला अध्यक्ष केलं. खरं सांगायचं तर तिला 'नाही' म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिला समितीची निळी टोपी मिळाली. फुलाफुलांची ढगळ विजार आणि वर ती टोपी घालून ती गावभर फिरायची आणि शिळांवर वाळत घातलेल्या मिरच्या खाली फेकायची.

"हे काय तुझ्या बापाचं अंगण आहे? थडगं आहे थडगं!"

"अगं, पण गेल्या वर्षी तूच वाळवल्यास की!"

"गेल्या वर्षी मी अडाणी होते."

मग पुराणवस्तू खात्याचा नियम आला. प्रत्येक शिळेभोवती रेषा आखायची, आणि रेषेच्या आत येणारी घरं उठवून रस्त्यापलीकडच्या नव्या वसाहतीत न्यायची. हा नियम यावा म्हणून दालपोवालीनंच अर्ज केले होते. अर्ज करताना तिच्या डोळ्यांसमोर घरं होती ती दुसऱ्यांची. एखादीला ठेच लागेपर्यंत दगड दिसत नाही, तसं.

पहिली ठेच हानबातवालीला लागली. ही ओक-बुन, दालपोवालीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, एका विहिरीवर पाणी भरलेल्या दोघी. तिच्या न्हाणीघरामागं एक शिळा होती. भर सभेत ती म्हणाली, "ती कसली शिळा! माझ्या सासऱ्यानं बैल लावून आणलेला दगड तो. बैल बांधायला."

दालपोवाली उठली. "तुझा सासरा काय राक्षस होता? पाटीभर शेण उचलताना दम लागायचा त्याला! दगड आधीचा आहे, सगळ्या जगाचा आहे, आणि खोटं बोलून घर वाचवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे!"

टाळ्या पडल्या. हानबातवालीचं घर उठलं. पुढच्या उन्हाळ्यात वसाहतीत तिचं जांग आंबलं. जांग म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या वाळलेल्या विटा मिठाच्या पाण्यात मुरवून केलेला काळपट लगदा. घरातल्या प्रत्येक रश्शाचा जीव. जांग बिघडलं की घर बिघडलं, असं आमच्याकडं मानतात. गावभर कुजबुज झाली. दालपोवाली कुजबुजली नाही, तिला येतच नाही. ती बाजारात मोठ्यानं म्हणाली, "जागेला कशाला नावं ठेवायची? हात बिघडलेत."

आणि आता ऐका तिची स्वतःची गोष्ट. तिच्या परसात रांजणांचा ओटा होता. मोठे चार, छोटे बरेच, एकाच्या पोटावर, जांगला नजर लागू नये म्हणून, पांढऱ्या कागदाचा मोजा उलटा चिकटवलेला. सासू रोज उजाडता त्यांच्यापुढं विहिरीच्या ताज्या पाण्याचा वाडगा ठेवून हात चोळत काहीतरी पुटपुटायची. सासू गेल्यावर दालपोवाली ठेवू लागली. हा ओटा म्हणजे एक रुंद, सपाट, पाठ उन्हात घालून निजलेल्या म्हशीसारखा दगड. खाली टेकू. गावात इतक्या शिळांची बुडं वाकून वाकून तपासणारी ही बाई आपल्या परसात मात्र कधी वाकली नाही. तिच्या हिशेबी ती शिळा नव्हतीच. तो ओटा होता.

पण त्या वर्षी पानगळ सरता सरता निरोप आला की प्रोफेसर मिन नावाचे खात्याचे तज्ज्ञ शेवटच्या पाहणीला येताहेत. ही पाहणी झाली की रेषा कायमची ठरणार. आत ते आत, बाहेर ते बाहेर. त्या दिवशी रांजण पुसताना दालपोवालीच्या हातून फडकं खाली पडलं. उचलायला ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. टेकू तिच्याकडं बघत होता.

"अगं बाई," ती स्वतःला म्हणाली, "अध्यक्षबाई, आता?"

या घरात ती नवरी होऊन आली होती, याच घरातून नवऱ्याची तिरडी गेली होती. मुलं शहरात, पण नवीन वर्षाला येतात ती याच उंबऱ्यावर. आणि ते जांग! सासूच्या सासूपासून चालत आलेलं. वसाहतीतल्या सिमेंटवर त्याचं काय होतं हे हानबातवालीच्या रांजणात सगळ्यांनी हुंगलं होतं. पुढं होऊन खरं सांगावं, हा विचार तिच्या मनात आला. पण तिनं त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही.

तिनं काय केलं, तर हिवाळ्याची किमची, म्हणजे तिखटामिठात मुरवलेला कोबी, घालायचा दिवस बरोबर पाहणीच्या दिवशी धरला. शंभरभर लांबोळके कोबी आणवले आणि ओट्याच्या चारी बाजूंनी अशी उतरंड रचली की खालचा दगड दिसेना. वर रांजण, खाली कोबी. बघणाऱ्याला वाटावं, काय कामसू बाई आहे!

आता किमची काही एकटीनं घालायचं काम नव्हे. आज माझ्याकडं तुम्ही, उद्या तुमच्याकडं मी, अशी ती सावड असते. हानबातवाली आणि दालपोवाली चाळीस वर्षं एकमेकींच्या सावडीला. घर उठल्यापासून दोघींत साधं बोलणं नव्हतं, पण भांडण आपल्या जागी, कोबी आपल्या जागी. हानबातवाली सकाळीच आली, रबरी हातमोजे चढवले, ओट्याभोवतीची ती उतरंड बघितली. खूप वेळ बघितली.

"कोबी इथं रचलेत यंदा?"

"सावली आहे."

"हं. ऊन तर आहे."

"येईल सावली," दालपोवाली म्हणाली आणि टोपी चढवून पाहुण्यांना घ्यायला निघाली.

प्रोफेसर मिन हडकुळे, हसरे, शहरी बुटांना चिखल लागला तरी तक्रार न करणारे. सोबत सरपंच, मागं आम्ही गावकरी. दालपोवालीनं त्यांना डोंगरापासून दाखवायला सुरुवात केली. तिच्या आवाजाला त्या दिवशी धार होती. ही बघा वाकडी शिळा, हिच्यावर बसून मी जेवले. ही जुळी. हिच्या पाठीवर खळगे आहेत, कुणी म्हणतं तारे, मी म्हणते पोरांचे उद्योग, तीन हजार वर्षांपूर्वी पोरं नव्हती काय? मिन सर हसत होते, टिपून घेत होते. पण आमच्यातल्या प्रत्येकाच्या एक लक्षात आलं. देवळापाशी डावीकडं वळलं की दालपोवालीचं घर. ती उजवीकडं वळली. उजवीकडं आमचा उकिरडा आहे. अध्यक्षबाईंनी खात्याच्या तज्ज्ञांना उकिरड्याला वळसा घालून नेलं आणि वर सांगितलं, "इकडून हवा चांगली लागते."

सरपंचानं नाक धरलं. बोलला काही नाही. बाकीचे आम्हीही बोललो नाही. आमच्यात कोण मोठा धुतल्या तांदळाचा लागून गेला होता?

दुपार झाली. जेवण समाजमंदिरात ठरवलं होतं. दारात हानबातवाली हात पुसत उभी. "अगंबाई, इथं कसं जेवणार? जमीन बर्फ झालीये, ती तापवायचा बॉयलर बंद पडलाय. दालपोवालीकडं डुकराचं मटण उकळतंय, ताजी किमची कालवलीये. घरात चूल पेटलेली असताना पाहुणा थंडीत बसवायचा?"

"वा!" मिन सर म्हणाले. त्यांचा वा अगदी मनापासून होता.

पाहुण्याला जेवायला नको म्हणणं आमच्याकडं खून करण्याच्या थोडंच खाली येतं. दालपोवालीनं हानबातवालीकडं बघितलं. हानबातवाली आभाळाकडं बघत होती.

तरी घरात सगळं नीट चाललं होतं. तिनं पाहुण्यांना परसाकडं पाठ करून बसवलं. दार ओढून घेतलं. मिन सरांनी कोबीच्या पानात मटणाचा तुकडा गुंडाळून तोंडात टाकला, मग रश्शाचा वाडगा उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"बाई, हे जांग! माझ्या आजीनंतर आज."

"छे हो," दालपोवाली रीतीप्रमाणं म्हणाली, "काय आहे त्यात? आपलं साधंच."

"साधंच म्हणजे डब्यातलं हो, सर," हानबातवाली भाताचा घास चघळत म्हणाली. "दुकानात मिळतं ना, लाल झाकणाचं. समितीच्या कामातून तिला वेळ कुठाय?"

दालपोवालीचा हात चमच्यावर थांबला. "काय म्हणालीस अक्का?"

"लाजतेस कशाला? माझं आंबलं तेव्हा मी पण आणलं. आपले हात आता जुने झाले, बाई."

दालपोवालीनं घास गिळला. त्याबरोबर आणखी बरंच काही गिळलं. तिला कळत होतं. एवढी ती मूर्ख नव्हती; बंदरावर गळ टाकणारे बापे बघत ती मोठी झाली होती, गळ ओळखत होती. गप बस, पिल-सुन. घर आहे. रांजण आहेत. डब्यातलं तर डब्यातलं. ती हसली सुद्धा, दात दाखवून.

आणि गरीब बिचारे मिन सर, वातावरण सैल व्हावं म्हणून म्हणाले, "खरंय, हल्ली डब्यातलंही छान मिळतं. फरक कळत नाही."

फरक कळत नाही!

पुढचं इतकं झटकन झालं की सरपंचाचा घास हातातच राहिला. दालपोवालीनं मिन सरांची बाही पकडली, त्यांना नुसत्या मोज्यांनिशी उठवलं, मागचं दार लाथेनं उघडलं आणि परसात ओढत नेलं. मोठ्या रांजणाचं झाकण उचललं, बोट बुडवलं आणि ते बोट खात्याच्या तज्ज्ञांच्या तोंडापुढं धरलं.

"चाखा! हे डब्यातलं? माझ्या सासूच्या सासूनं भरलेला रांजण हा, दरवर्षी त्यात नवं घालते आणि जुनं राखते! या गावात असं जांग दुसरीकडं दाखवा, मी टोपी खाते!"

"नाही, नाही, अप्रतिम आहे," मिन सर बोट चाखून म्हणाले.

तिनं इथं थांबायला हवं होतं. देवानं तिला थांबायला जागा दिली होती. पण ती दालपोची.

"आणि का? का असं होतं, विचारा ना! जमिनीवर ठेवलं तर ओल धरते, सिमेंटवर ठेवलं तर तापतं. हा दगड आहे ना, हा दिवसभर ऊन पितो आणि हळूहळू सोडतो. असा दगड अख्ख्या—" बोलता बोलता तिनं स्वतःच्या हातानं कोबीचा एक गड्डा ओढला, दगड दाखवायला. उतरंडच ती. बाकीचे गड्डे ढासळून घरंगळत विहिरीपर्यंत गेले.



मिन सर हळूच गुडघ्यांवर बसले. मान तिरकी करून शिळेच्या बुडाशी बघितलं. खिशातून बॅटरी काढली, आत मारली. मग खूप हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हा दगड इथं केव्हापासून आहे?"

"हा?" दालपोवाली म्हणाली. "हा होय! हा माझ्या सासऱ्यानं..."

दारात हानबातवाली उभी होती. तिखटानं लाल झालेले हातमोजे तिनं अंगापासून दूर धरले होते. नुसती ऐकत होती, पुढचा शब्द बैल आहे का ते. आणि दालपोवालीला स्वतःचाच आवाज ऐकू आला, सभेतला, टाळ्यांसकटचा: तुझा सासरा काय राक्षस होता?

तिचा सासरा तर किडकिडीत होता. कोंबडी पकडतानासुद्धा तोच पडायचा.

"सासऱ्यानं काय?" मिन सरांनी विचारलं.

"सासऱ्यानं यावर रांजण ठेवले," ती म्हणाली. "दगड त्याच्या आधीचा. सगळ्यांच्या आधीचा. टेकू इकडून तीन आहेत. चौथा मागं, विहिरीच्या अंगाला. लिहा."

"तुम्हाला कल्पना आहे ना बाई, याचा अर्थ रेषा इथून..."

"रेषा मी मागितलीये!" ती कडाडली. "तुम्ही मला रेषा शिकवणार? लिहा म्हणाले ना! आणि रस्सा गार होतोय, आत चला."

पाहुणे गेल्यावर दोघी राहिल्या आणि राहिला कोबी. तो काही कुणाच्या घरासाठी थांबत नाही. दोघी समोरासमोर उकिडव्या बसून पानापानात तिखट भरत राहिल्या.

"तुला माहीत होतं," दालपोवाली म्हणाली.

"अख्ख्या गावाला माहीत होतं. तुझ्या लग्नाआधीपासून. त्याच ओट्यावर बसून मी तुझ्या वरातीची वाट बघितली होती."

"मग सरांना सरळ सांगायचं! दुसऱ्याच्या घरात शिरून, दुसऱ्याचं जेवून हे असले धंदे?"

"मी कशाला सांगू? चहाड्या करायला मी काय समितीची अध्यक्ष आहे?" हानबातवालीनं एक गड्डा वळून भांड्यात ठेवला. "मी म्हटलं, बघू तरी काय म्हणते. बैल म्हणाली असतीस ना, तर जन्मभर तुझं तोंड बघितलं नसतं."

"आणि आता?"

"आता बघावंच लागणार. माझ्या शेजारचंच घर रिकामं आहे."

दालपोवाली हसायला लागली. तिखटाचे हात असल्यामुळं डोळे पुसता येईनात, म्हणून ती तशीच हसत आणि वाहत राहिली. "चाळीस अर्ज करून मी स्वतःलाच उठवलं गं. खाणवाल्यालाही जमलं नसतं ते."

"हुशार आहेसच तू," हानबातवाली म्हणाली. "मीठ कमी पडलंय त्यात."

वसंतात, भुतंखेतं वाटेत आडवी येत नाहीत असा दिवस बघून घर हललं. सामान ट्रकमधून गेलं. रांजणांना दालपोवालीनं ट्रकवाल्याला हात लावू दिला नाही. सकाळीच हानबातवाली दोन चुंबळी घेऊन दारात हजर. छोटे रांजण दोघींनी डोक्यावरून नेले, मोठे हातगाडीवर गवताच्या पेंढ्यांत निजवून. वाटेभर भांडल्या. कुणी ओढायचं, कुणी ढकलायचं, खड्डा कुणाला आधी दिसला होता.

त्या उन्हाळ्यात सिमेंटवर जांग आंबलं. थोडंसंच, पण आंबलं. दालपोवालीनं दार लावून घेतलं. हानबातवाली मागच्या दारानं आली आणि पुढ्यात वाडगा ठेवला, आपल्या रांजणातल्या, आता सावरलेल्या जांगचा.

"हात बिघडलेत तुझे," ती म्हणाली. "घाल आत. मुरू दे."

दालपोवालीनं ते आत घातलं. आता मुरतंय. अजून पहिल्यासारखं नाही, आणि हे वाक्य तिच्यासमोर म्हणायची कुणाची टाप नाही. ती स्वतः मात्र रोज म्हणते.

निळी टोपी अजून आहे. रविवारी शहरातून माणसं शिळा बघायला येतात, ती त्यांना फिरवते. उकिरड्याच्या वाटेनं आता नेत नाही. तिच्या घराच्या जागी गवत लावलंय, मध्ये ती शिळा आणि पाठीवर रांजणांच्या बुडांची गोल गोल वर्तुळं. मिठानं खाल्लेली ती, पावसानं जात नाहीत.

परवा एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "हे गोल काय आहेत? प्राचीन माणसांनी काढलेले ग्रह का?"

"नाही. जांगचे रांजण होते इथं."

"काय सांगता! इतक्या पवित्र जागेवर? कसली अडाणी माणसं असतील!"

बरोबरचे सगळे हळहळले. मागं सावलीत हानबातवाली सोयाबीन निवडत बसली होती, तिचे हात थांबले. आम्ही दोनचार जणही होतो. आता या बाईंचं काय होतं म्हणून श्वास धरून उभे राहिलो.

दालपोवालीनं टोपी नीट केली. "अडाणी तर होतीच," ती म्हणाली. "वर तोंडाळ. मी चांगली ओळखते तिला."

मग दोन पावलं गेली आणि मागं वळली.

"पण तिचं जांग डब्यातलं नव्हतं, एवढं लिहून घ्या."